आजोबांच्या पंजाएवढा

क्रूगरांच्या तळ्यातील एकही सूर्यमासा आजवर ऑर्व्हल क्रूगरच्या पंजापेक्षा मोठा झालेला नव्हता.

तळे त्याने स्वतः खणले होते, विकत आणलेली पिल्ले स्वतः सोडली होती, आणि त्याचा पंजा हेच तिथले माप होते. गळाला लागलेला मासा तो आपल्या रुंद, सुतारी हातावर आडवा ठेवी. शेपूट बोटांच्या पुढे गेले तर मासा बादलीत. मागे राहिले तर, “जा बाळा, मोठा होऊन ये,” म्हणून पाण्यात. बादलीची गरज कधी पडलीच नाही. सध्या ती काठावर पालथी होती आणि तिच्यावर त्याचा नातू, सहा वर्षांचा क्लेम, बसला होता.

“हलू नकोस रे,” क्लेमची बहीण ट्रूडी म्हणाली. “तुझी बादली वाजली की मासे पळतात.”

“तुझ्या तोंडामुळे पळतात.”

त्यांची आत्या व्हेर्ना उकिडवी बसून क्लेमच्या गळाला गांडूळ ओवत होती. मका डोक्याच्या वर गेला होता. तळ्याच्या तीन बाजूंना त्याची भिंत उभी होती. चौथ्या बाजूला, घराकडे जाणाऱ्या पायवाटेच्या बरोबर तोंडाशी, ऑर्व्हलने आपली घडीची खुर्ची मांडली होती. वारा आत येत नव्हता.

दूर उत्तरेकडच्या दुलूथ शहरातल्या एका संग्रहालयाने व्हेर्नाला नोकरी देऊ केली होती आणि तिचे उत्तर त्यांना आज संध्याकाळी पाचच्या आत फोनवर हवे होते. न्याहारीला तिने हे वडिलांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले होते, “पोरं आलीयेत. तळ्यावर बोलू.” तळ्यावर येऊन दुपार सरत आली, तरी ते बोलले नव्हते.

“बाबा,” ती उठत म्हणाली, “मी फोन करून येते.”

“घाई कसली?” ऑर्व्हल जागचा हलला नाही. “आयोवात काय कमी आहे तुला? आणि त्या बर्फात ओळखीचं कोण आहे? पुढच्या वर्षी बघू. अजून लहान आहेस तू.”

“अडतीस वर्षांची आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

एवढ्यात क्लेमच्या दोऱ्यावरचे लाल बूच गपकन बुडाले. दोन्ही मुलांनी एकाच काठीला हात घातला, एकमेकांवर खेकसत ती ओढली, आणि मासा वर आला: निळसर कल्ले, केशरी पोट, बशीसारखा चपटा. व्हेर्नाने हात ओले करून तो धरला.

“आजोबा, माप!”

ऑर्व्हलने पंजा पुढे केला. शेपूट मधल्या बोटाच्या पहिल्या पेराशीच थांबले.

“पिल्लू आहे. सोडा त्याला.”

“आत्या, याचे डोळे बघ ना,” ट्रूडी म्हणाली. “केवढे मोठे! अंगाला शोभतच नाहीत. कुणा थोरल्याचे उसने आणल्यासारखे वाटतात.”

“बाळांचे डोळे मोठेच असतात,” ऑर्व्हल म्हणाला. “तुझ्या आत्याचेही असेच होते.”

व्हेर्ना शाळेत प्राणिशास्त्र शिकवीत असे. झाडाची पाने, बेडकांची अंडी, मुलांच्या केसांतल्या उवा, सारे तिच्या खिशातल्या भिंगाखालून गेलेले होते. या तळ्यातला मासा मात्र तिने कधी तपासला नव्हता. इथे तो वडिलांनी आधीच तपासलेला असे. तिने भिंग काढले. नखाने माशाचा एक खवला सोडवला, मासा क्षणभर ट्रूडीच्या ओल्या ओंजळीत दिला आणि खवला उजेडासमोर धरून त्यावरची वर्तुळे मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले, कारण कडेची वर्तुळे एकमेकांना चिकटून बसली होती.

“थंडीत मासा वाढत नाही,” ती मुलांना म्हणाली, “आणि दर हिवाळ्याची एक दाट रेघ खवल्यावर उरते. याच्यावर सात आहेत.”

“म्हणजे हा माझ्याहून मोठा?” क्लेम म्हणाला.

“हो. बाबा, हे पिल्लू नाही. म्हातारा आहे हा. अंग वाढायचं थांबलं, तरी डोळे वाढत राहतात.”

ऑर्व्हलने खवला हातात घेतला, पण भिंग घेतले नाही.

“मग वाढला का नाही? मी काय उपाशी ठेवलं? मोठ्या जबड्याचे ते दांडगे मासे पिल्लं खायचे, म्हणून एकूण एक वेचून काढले मी.”

“म्हणूनच. यांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि बाहेर काढणारं कुणी नव्हतंच. सगळेच्या सगळे जगले. तळं मात्र तेवढंच राहिलं.”

“बाहेर काढला तर मरेल तो.”

“मरेल,” व्हेर्ना म्हणाली. “आत ठेवला तर वाढणार नाही.”

ट्रूडीच्या ओंजळीत मासा कल्ले उघडझाप करीत होता. “लवकर सांगा ना कुणीतरी! ठेवू की सोडू?”

व्हेर्नाने क्लेमला उठवले. बादली सुलटी केली, तळ्यात बुडवून भरली आणि ट्रूडीसमोर ठेवली. मासा आत पडला, एक फेरी मारून पत्र्याला टेकला. मग हात पुसत ती वडिलांपुढे उभी राहिली. ऑर्व्हल आपल्या रिकाम्या पंजाकडे पाहत होता. खुर्ची वाटेतच होती.

“वळसा घालून जाते,” ती म्हणाली आणि मक्यात शिरली. पाती तिच्या दंडांवर करकरली, थोडा वेळ शेंडे हलताना दिसले. मग घराच्या बाजूने स्वयंपाकघराचे दार वाजले.

तळ्यातील मासे लहान राहिले होते, कारण लहान म्हणून त्यांना दर वेळी परत आत सोडले गेले होते.