तारप्याचा नियम

गोखिवऱ्यामागच्या डोंगरात सुकरीचा पाडा आहे. वाडवडिलांपासून कसत आलेली जमीन मोजून नावावर करून द्या, म्हणून पाड्यावरचे वारली पुन्हा एकदा तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन आले होते. साहेबांनी हसत निवेदन घेतलं, "बघतो" म्हणाले आणि कचेरीच्या अंगणात पाड्यावरच्या जेठ्याचा भोपळ्याचा तारपा वाजू लागला, तसे फोटोपुरते बायांच्या फेरात शिरले. त्यांचा एक हात सुकरीने धरला, दुसरा तिच्या जावेने.

फोटो निघाला, पण फेर काही थांबेना.

"मावशी, जाऊ द्या आता. मीटिंग आहे."

"तारप्याला पाठ नाय दाखवायची, सायेब. देव कोपतो," सुकरी म्हणाली.

"बरं, हात तरी सोडा."

"तारपा वाजतं तवर हात पन नाय सोडायचा."

हा दुसरा नियम बायांनी आज पहिल्यांदाच ऐकला. हसू दाबत त्यांनी पावलं आणखी जोरात टाकली.

"मग तारपा थांबवा ना."

"जेठ्याभाऊ कुनाचं ऐकत नाय. जमिनीच्या मोजनीचा हुकूम निघंल, तवाच त्याचा दम संपंल."

साहेबांचा एक बूट मागेच राहिला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, पाय मात्र ठेक्यात पडू लागले. अखेर त्यांनी कारकुनाला हाक मारली. तो फायलीत पडून असलेला मोजणीचा हुकूम आणि पेन घेऊन फेराच्या कडेकडेने धावू लागला.



"मावशी," साहेब धापा टाकत म्हणाले, "सही करायला उजवा हात तरी सोडा."