वेंडेलचं भाकीत

दर शनिवारी वेंडेल रेडिओवर आठवड्याची गाजलेली चाळीस गाणी खालून वर मोजत जायचा आणि शेवटी छातीठोक भाकीत करायचा, "पुढच्या शनिवारी हे पहिलं!" ते गाणं हमखास बुडायचं. सगळं टोलेडो शहर त्याला हसायचं.

कार्यक्रम गुरुवारीच रेकॉर्ड व्हायचा. त्यामुळे शनिवारी दुपारी स्वारी माझ्या हॉटेलात डोनट खात स्वतःलाच ऐकत बसायची.

"काय रे, आज कुणाचं वाटोळं केलंस?" मी कॉफी ओतत विचारलं.

"ऐक तर, डोरीन."

रेडिओवर ढोल घुमला. त्याचाच आवाज आला, "पहिला नंबर, 'निळी टपालपेटी'! म्हटलं होतं की नाही?"

वेंडेलचा डोनट हातातच राहिला. "अगं, हे मी बोललोच नाही. ते गाणं तर केव्हाच आपटलं."

पण आवाज थांबेना. वेंडेलची सगळी आपटलेली गाणी त्याने एकेक करून पहिल्या नंबरावर चढवली. गिऱ्हाइकं टेबलं बडवू लागली. वेंडेल खुर्चीवर उभा राहून वाकून वाकून सलाम करू लागला. इतका खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

मग आवाज हळू झाला. "आता पुढचं भाकीत. डोरीनच्या हॉटेलात खुर्चीवर उभा असलेला माणूस दारापर्यंत पोचणार नाही."

गिऱ्हाइकं वळून दाराकडे बघू लागली. वेंडेल तेवढा खदखदून हसला.

"अरे, माझं भाकीत कधी खरं ठरलंय का?"

टोपी चढवून तो ऐटीत दाराकडे निघाला.

रेडिओवर ढोल वाजू लागला.