डोक्याकडून, पायाकडून

लकवा मारल्यापासून सासूबाई अंथरुणालाच होत्या. गेले चार दिवस त्यांनी एकच धोशा लावला होता. “वर्षावासात विहारात वाचलेलं आयकलं होतं. एकानं डोस्क्याकून धरलं, एकानं पायाकून. तेवढं मले शोधून दे व बाई.” त्यांना वाचता येत नव्हतं आणि पुढचं काही आठवत नाही, म्हणत होत्या. मी मात्र चरकले. माणसाला असं दोघं कधी उचलतात, हे काय सांगायला हवं? वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, अकोटच्या आमच्या विहारात वाचतात तो बुद्धचरित्राचा जाडजूड ग्रंथ आणला आणि आधी महापरिनिर्वाणाचीच पानं चाळली. तिथे तसं काही नव्हतं. मग कामं उरकून पहिल्या पानापासून वाचत सुटले. आज सापडलं. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला, जवळ कुणी फिरकत नाही. बुद्धांनी स्वतः पाणी ओतलं, भन्ते आनंदांनी त्याला धुतलं. मग एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवलं. रोज सकाळी मी आणि हे सासूबाईंना असंच तर उचलतो! उशाशी बसून मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. “बरं वाटलं ना ऐकून?” मी विचारलं. त्यांनी आपला चालता हात माझ्या डेटॉलच्या वासाच्या हातावर ठेवला. “मले नोतं आयकाचं, पोरी. तुले सांगाचं होतं. माह्या तोंडून निंगत नोतं.”