मावशीच हवी

"मी जाणार नाही," शिउली म्हणाली. "मासी इथे आली, तरच जाईन."

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन अधिकारी होते. एक दिल्लीचे, दुसरे बांगलादेशच्या उच्चायुक्तालयातले. दोन्ही सरकारांचे शिक्के बसून कागद तयार होते. पुढच्या सोमवारी चौदा मुलांना सीमेवर नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं होतं. तेरा जण बॅगा भरून बसले होते.

मुलुंडच्या त्या बालगृहात कल्पिता समाजसेविका होती. तिनं कपाळाला हात लावला. "अगं, मावशी सीमेवर येणारच आहे ना! मुंबईपर्यंत कशाला नाचवतेस तिला?"

"मला भीती वाटते, ताई. मी तिच्यासोबतच जाईन."

शिउली पंधरा वर्षांची. आईबाप लहानपणीच गेले, मावशीनं वाढवलं. बाराव्या वर्षी मावशीनं तिला औषधपाण्यासाठी कोलकात्याला आणलं आणि स्टेशनवरच्या गर्दीत पोर हरवली, असं कागदांत होतं. मग घाटकोपरच्या एका फ्लॅटमध्ये दोन वर्षं तिला कोंडून राबवलं. शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून सुटली. तिथवर कुणी पोचवलं, हे पोलिसांनी परोपरीनं विचारलं. तिला आठवत नव्हतं. गावाचं आणि मावशीचं नाव मात्र तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिकडचे अधिकारी चौकशीला गेले, तेव्हा मावशी गावासमोर छाती पिटून रडली होती.

तेरा मुलं गेली. शिउलीनं त्यांना फाटकातून हात केला. डोळ्यांत पाणी नव्हतं.

मावशी मुंबईला यायला तयार नव्हती. मग कल्पितानं फोन जोडून दिला. शिउली अगदी गोड बोलली.

"मासी, मला काहीच आठवत नाही गं. फक्त तू आठवतेस. ये ना."

तिच्या बंगालीतलं एवढं कल्पिताला आता कळत होतं.

कल्पितानं पत्रांवर पत्रं पाठवली. फाईल दिल्लीहून ढाक्याला गेली, परत आली. व्हिसा मिळायला चार महिने लागले. मावशी येणार त्या सकाळी शिउलीनं स्वतःहून तेल लावून घट्ट वेणी घातली.

"ताई, अस्मिता मॅडमना पण बोलवा ना. त्यांनीच मला सोडवलं होतं."

पोरीला जाण आहे, असं कल्पिताला वाटलं. तिनं लगेच पोलीस ठाण्यात फोन केला.

मावशी आली. नवी साडी, हातात मिठाईचा डबा. दारातच तिनं शिउलीला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली. कल्पितानं डोळे पुसले. फौजदार अस्मिताही क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिली.

शिउली रडली नाही. तिनं मावशीचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. मावशीनं हसत हसत ते सोडवून बघितलं. सुटेना. तिचं हसू मावळलं.

"मॅडम, दार लावून घ्या," शिउली मराठीत म्हणाली. "हिनंच मला विकलं. तिकडे तुम्हाला हिला धरता आलं नसतं, म्हणून इथे बोलावून घेतली."