उतारावरचा झगा

"आवळ अजून."

"अगं, रक्त थांबेल तुझं!" कपडेपटातली फेलिसी खाली बसून म्हणाली. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे अर्धे शब्द बाहेर, अर्धे आतच.

सोलांजने झगा वर धरला होता. आत दोन्ही पायांना मिळून एक कापडी पट्टा, गुडघ्यांच्या जरा खाली. हल्ली पॅरिसातल्या निम्म्या बायका असला पट्टा बांधून फिरतात. झगाच इतका अरुंद, की विसरून एक मोठं पाऊल टाकलं तर शिवण टर्रकन उसवते. ट्रामची पायरी चढायची तरी कुणाचा तरी हात लागतो. पण फॅशन आहे म्हटल्यावर काय!

सोलांजला फॅशनचं काही पडलं नव्हतं. तिचा उजवा गुडघा गेला होता. मे महिन्यात तालमीत एक उडी चुकली आणि ती लंगडायला लागली. तापाचं कारण सांगून घरी बसली. डॉक्टर म्हणाला, उन्हाळाभर पायाला आराम दे, सप्टेंबरात पुन्हा नाचशील. सप्टेंबर ठीक होता. पण त्याआधी आजचा दिवस होता.

आज बेर्तोसाहेब चालायला लावणार होते. बेर्तो थिएटरचे मालक. पुढच्या वर्षाचा करार करण्याआधी, दर जूनमध्ये, प्रत्येक नर्तकीने बाहेरच्या कपड्यांत तालीमघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचं. नाच नाही. नुसतं चालायचं. "नाचताना पोरी खोटं बोलतात," ते म्हणत. "चालताना जमत नाही." त्यात तालीमघराची जमीन रंगमंचासारखीच उतरती. दुखरा गुडघा उतारावर बरोबर चुगली करतो. आणि ते रशियन नाचणारे पॅरिसात आल्यापासून बेर्तोसाहेबांना पोरी कमी करायला निमित्तच हवं होतं. अख्खं गाव तिकडे लोटायचं, इकडे खुर्च्या रिकाम्या. जिचा पाय वाकडा पडेल ती घरी.

"या झग्यात सगळ्याच बदकासारख्या चालतात," फेलिसी उठत म्हणाली. "तू लंगडी आहेस हे देवालासुद्धा कळणार नाही."

"देवाचं नाही गं. बेर्तोचं बोल."

तालीमघरात गेल्यावर फेलिसीने झारीने जमिनीवर पाणी शिंपडलं. पाय घसरू नये म्हणून रोज शिंपडतात तसंच, पण आज जरा जास्त. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली. नखं खात.

खालच्या टोकाला आरशापाशी बेर्तोसाहेब बसले होते. शेजारच्या कोचावर मादाम ओब्रेल. एकेकाळी या थिएटरात सगळ्यात वरचं नाव त्यांचं. ऐन भरात असताना नाच सोडला आणि एका साखर कारखानदाराशी लग्न केलं. प्रेमापोटी, असं सगळे सांगत. आता त्यांच्या पैशांवर थिएटरचे दिवे जळत. आणि हा अरुंद झगा घालून घोड्यांच्या शर्यतीला पहिल्यांदा गेल्या त्याही मादामच. लोक आधी हसले. मग लोकांच्या बायका शिंप्याकडे धावल्या.

"हं, सोलांज. ये बघू," बेर्तोसाहेब म्हणाले.

ती निघाली. इवलं पाऊल, मग दुसरं. छान जमत होतं. अर्ध्या वाटेवर मात्र उतारामुळे पट्टा सरकला. आधी थोडासा, मग थेट पोटरीपर्यंत. गुडघा मोकळा सुटला आणि एकदम आत वळला. सोलांज हलली. सावरली. पण हलली ते हललीच.

"थांब," बेर्तोसाहेब म्हणाले. "काय झालं ते?"

"जमीन ओली आहे, साहेब."

"रोजच असते. झगा वर घे. मला पाय बघू दे."

सोलांजने झगा मुठीत घट्ट धरला. फेलिसीने डोळेच मिटले.

"अहो बेर्तो!" मादाम ओब्रेल मोठ्याने हसल्या. "बायकांना झगे वर घ्यायला सांगता? उद्या पेपरात देऊ का?"

"तसं नाही हो, मादाम. या असल्या पिशवीत मला दिसणार काय?"

"माझ्याच फॅशनला पिशवी म्हणता?" मादाम उठल्या. हळूहळू चढ चढून वर आल्या आणि सोलांजच्या हातात हात घातला. "असं करा. आम्ही दोघी बरोबर चालतो. तुम्ही फरक शोधा."

दोघी निघाल्या. मादामचा हात नाजूक दिसायचा, पण कोपरापाशी लोखंडासारखा घट्ट होता. सोलांजने अंगाचा सगळा भार तिथे टाकला. इवलं पाऊल, मग दुसरं. मादामचं पाऊल पडेल तसंच तिचं. उतार संपला.

बेर्तोसाहेबांनी हनुवटी खाजवली. "कमाल आहे. दोघी अगदी सारख्याच चालता."

"मग?"

"मग काय! सप्टेंबरात ये गं. पुढची कोण आहे?"

सोलांज बाजूला झाली. मादामनी तिला खिडकीपाशी नेलं आणि पंखा तोंडासमोर धरला.

"वेडे, पट्टा गुडघ्यांच्या वर बांधायचा. खाली बांधला की उतारावर सरकतो."

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?"

"तुझा उजवा ना?"

सोलांजने मान हलवली.

"माझा डावा," मादाम म्हणाल्या. "लग्नाचं आपलं लोकांना सांगायला."

त्या वळल्या आणि इवल्या इवल्या पावलांनी कोचाकडे गेल्या. सोलांज बघत राहिली. मग तिने खिडकीतून खाली पाहिलं. दुपारची फिरायची वेळ. मोठमोठ्या टोप्या घातलेल्या बायका फुटपाथवरून दुडुदुडु चालल्या होत्या, एकीचंही पाऊल मोठं पडत नव्हतं. अख्खं पॅरिस एका डाव्या गुडघ्याला सांभाळून घेत चाललं होतं.