गार्डाचा डबा

धारला रेल्वे येईपर्यंत थांबायची अक्काची तयारी नव्हती. शाळेतल्या चित्रकला शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर छोटे रूळ मांडले. इंजिन तयार आणलं, पण नॅरोगेजचे चार डबे मात्र पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्यांतून सहा महिने खपून स्वतः बनवले. पहिली फेरी बघायला तिनं देवासहून धाकट्या भावाला बोलावलं. बापू पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होता. त्यानं चष्मा लावून एकेक डबा तपासला आणि म्हणाला, "अक्का, ही गाडी सुटणार नाही. गार्डाचा डबा कुठंय?" "अरे, खेळातली गाडी आहे!" "बिना गार्डाची गाडी? सवालच नाही." अक्का इतकी चिडली, की दुपारच्या वरणात मीठच पडलं नाही. पण संध्याकाळी दोघं शेजारी बसून पाचवा डबा चिकटवत होते. मागचा दिवा म्हणून बापूनं त्याला लाल मणी लावला. सकाळी त्यानं शिट्टी वाजवली, अक्कानं बटण दाबलं, गाडी झोकात निघाली आणि पहिल्याच वळणावर पाचही डबे टेबलावरून खाली कोसळले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. बापूनं मात्र गंभीर चेहऱ्यानं कागद घेतला आणि रिपोर्ट लिहिला: 'ड्रायव्हरनं वळणावर गाडी फार जोरात हाणली.' "कर सही," तो म्हणाला. अक्कानं डोळे पुसले, रिपोर्ट दोनदा वाचला, सही केली आणि खाली लिहिलं: 'अपघाताच्या वेळी गार्ड तिसरा चहा मागत होता.'