देव्हाऱ्यातलं लाकूड
सोलापुरात मुलासाठी मुलगी बघायला आलेल्या हिंदुरावांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि पिशवीतून वलयांचा दगड काढला. “दगड झालेलं लाकूड हाय! देव्हाऱ्यात पुजतो आमी. तू भूगर्भशास्त्र शिकलीस न्हवं? सांग की सगळ्यांना.” विजयमालेला मुलगा आवडला होता. आईनं डोळ्यांनीच ‘हो म्हण’ सांगितलं. तिनं कॉलेजातल्या सवयीनं दगड जिभेनं ओला केला. बैठक दचकली. ओली वलयं चकाकली, पण त्यांत लाकडाची बारीक छिद्रं नव्हती, उभे तंतूही नव्हते. खोटं बोलणं तिला जमेना. “मामा, ही नुसती गारगोटी आहे.” आईनं कपाळाला हात लावला. हिंदुरावांचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांची बायको टाळी वाजवून उठली. “लग्न झाल्यापासनं ह्या धोंड्याला आंघोळ घालतीया मी! धोंडा म्हटलं तर हे मलाच बोलायचे. आता माझ्या बाजूची सून आली. साखरपुडा आजच उरका!”